राजापूर लोकसभा मतदारसंघ १९९१ मध्ये समाजवाद्यांच्या हातून का निसटला?

मतपेटी :

कोकणातील राजापूर आणि रत्नागिरी या दोन जुन्या लोकसभा मतदारसंघांचे निकाल मी एका तक्त्यात मांडतो आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दोन्ही ठिकाणी काँग्रेस हरली. राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै निवडून आले आणि रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजी आसर. इथवर दोघांची वाट एकच दिसते. पुढे मात्र रत्नागिरी राज्याच्या वाऱ्याबरोबर फिरत राहिली : १९६२ व १९६७ मध्ये काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, १९७१ मध्ये काँग्रेसचेच शांताराम पेजे, आणीबाणीनंतर जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर आणि १९८४ मध्ये पुन्हा काँग्रेसचे हुसेन दलवाई. राजापूर मात्र हलले नाही. नाथ पै तीनदा आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते पाचदा, असे सलग आठ विजय तेथे काँग्रेसेतर समाजवाद्यांचे आहेत. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि १९९६ पासून सुरेश प्रभू हे शिवसेनेचे खासदार झाले.

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत दोन्ही मतदारसंघ एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. गरिबी सारखी, मुंबईवरचे अवलंबन सारखे, समाजरचनाही फार वेगळी नाही. असे असताना राजापूर ३४ वर्षे वेगळे का वागले, आणि १९९१ मध्येच तो धागा का तुटला? हे श्रेय केवळ दोन थोर व्यक्तींना द्यावे, की त्यांच्यामागे काही संघटन होते?

खारेपाटण :

व्यक्ती की संघटन, याचा निवाडा करायचा असेल तर १९७१ ची निवडणूक बारकाईने पाहावी, कारण तेथे काळानेच ही परीक्षा घेतली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे बेळगावात अकाली निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४८ होते. मतदान मार्चच्या आरंभी व्हायचे होते. म्हणजे उमेदवार शोधणे, त्याची ओळख करून देणे आणि गावोगाव प्रचार करणे यासाठी जेमतेम सहा-सात आठवडे उरले होते. पुढे आलेले दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणात ना त्यांचे घर होते ना भावकी. त्या वर्षी ‘गरिबी हटाव’च्या लाटेत महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि देशभरात प्रजासमाजवादी पक्षाचे दोनच खासदार निवडून आले. त्यांपैकी एक राजापूरचा होता.

नाथ पैंच्या निधनाची सहानुभूती होती, हे मान्य करावेच लागेल. परंतु सहानुभूतीवर एक निवडणूक निघते, पाच निघत नाहीत. गावागावांत राष्ट्र सेवा दल या समाजवादी युवक संघटनेच्या मुशीतून आलेली माणसे होती, कणकवलीला गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांच्या गोपुरी आश्रमासारखे काम उभे होते, आणि गोव्याच्या सत्याग्रहाच्या वेळी सीमेवरच्या बांदा-सावंतवाडी भागात समाजवादी कार्यकर्त्यांचा राबता राहिला होता. नाथ पै आणि दंडवते दोघेही त्या सत्याग्रहात होते, त्यामुळे या भागाला दंडवते अगदीच परके नव्हते. १९८४ चा आकडा मला १९७१ पेक्षाही मोठा वाटतो. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसला राज्यातील ४८ पैकी ४३ जागा मिळाल्या आणि शेजारची रत्नागिरीही तिकडे गेली, तरी राजापूरने दंडवत्यांना चौथ्यांदा दिल्लीस धाडले.

नाथ पैंचे वक्तृत्व आणि दंडवत्यांचा व्यासंग यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. एवढेच नोंदवतो की संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार प्रस्थापित करण्यासाठी १९६७ मध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक आणले, त्या काळात त्यांच्या मतदारसंघातील कित्येक गावांना पावसाळ्यात धड रस्ता नव्हता. मतदारांनी तो हिशेब त्यांच्यापुढे कधी ठेवला नाही. याचे कौतुक करावे की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चाकरमानी :

वरील प्रतिसादातील संघटनाचा मुद्दा पटतो; परंतु त्यात गाव दिसते आणि मुंबई दिसत नाही. राजापूर मतदारसंघातील मत परळ-लालबागच्या खोल्यांमध्येही तयार होत असे. घरातला कमावता पुरुष गिरणीत, मागे राहिलेले कुटुंब मनीऑर्डरवर, आणि महिन्याच्या पत्रात खुशालीबरोबर चार ओळी मतदानाविषयी, अशी ती रीत होती. प्रत्येक गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असे आणि गावच्या शाळेच्या छपरापासून देवळाच्या जीर्णोद्धारापर्यंतचे पैसे तेथूनच जात. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हे उघडच आहे. जोवर त्या खोल्यांमध्ये कामगार संघटनांचे आणि समाजवाद्यांचे वजन होते, तोवर गावचे मतही त्यांच्याकडे राहिले.

१९८२ च्या संपाने ही घडी विस्कटली. गिरण्या बंद पडल्या, कामगार संघटना मोडकळीस आल्या, आणि वस्तीत अडीनडीला धावून येणारी जागा म्हणून शिवसेनेची शाखा उरली. काही माणसे गावी परतली, काहींची मुले गावी येऊन रिक्षा किंवा दुकान चालवू लागली, आणि त्यांच्याबरोबर शाखेचा फलकही एसटी थांब्यावर येऊन लागला. १९९० मध्ये नारायण राणे सिंधुदुर्गातून प्रथम आमदार झाले, त्या वेळी हे सारे मतपेटीत दिसले. त्यामुळे १९९१ मधील काँग्रेसचा विजय मला पालट वाटत नाही. काँग्रेसविरोधी मत जुन्या घरातून नव्या घरात जात असताना मधल्या फटीतून काँग्रेस आत आली, आणि १९९६ मध्ये ते स्थलांतर पूर्ण होताच बाहेरही गेली.

मतपेटी :

दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत. एक उपप्रश्न विचारतो. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री आणि १९८९-९० मध्ये अर्थमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम आला तो त्यांच्याच काळात. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० ची. एवढे मोठे काम मार्गी लागल्यावर पुढच्याच वर्षी पराभव व्हावा, हे मतदारांनी विकासाला दाद दिली नाही असे समजावे काय?

खारेपाटण :

तसे समजू नये. १९९१ च्या मतदाराने पाहिली होती ती जमिनीची मोजणी, संपादनाच्या नोटिसा आणि कलमांच्या बागांतून जाणाऱ्या खुणा. गाडी कोणी पाहिली नव्हती. १९७७ मध्ये देशाचा रेल्वेमंत्री जेथून निवडून आला, त्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडाही नव्हता. मुंबईला जायचे तर रात्रभराची एसटी. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ रोजी, आणि तेव्हा खासदार होते सुरेश प्रभू. महामंडळाच्या स्थापनेमागे रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते ही जोडी होती, हे कोकणात आजही आदराने सांगितले जाते. परंतु आदर मतदानाच्या वेळी हजर असेलच असे नाही.

चाकरमानी यांच्या विवेचनात एक भर घालतो. नाथ पैंना दंडवते मिळाले, पण दंडवत्यांना कोणी मिळाले नाही. प्रजासमाजवादी, जनता पक्ष, जनता दल अशी नावे आणि चिन्हे बदलत गेली, प्रत्येक फुटीत जिल्ह्यातील कार्यकर्ते थोडे थोडे गळत गेले, आणि नवी भरती जवळपास थांबली. शिवसेनेने १९९६ मध्ये उभे केलेले प्रभू हे सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले आणि बोलण्यात सौम्य असे गृहस्थ होते. राजापूरला सुशिक्षित खासदाराची सवय लागली होती आणि शिवसेनेने ती नेमकी हेरली, असे माझे मत आहे. त्यांनी १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा चारही निवडणुका जिंकल्या.

सीमारेषा :

तक्ता करताना एक पथ्य पाळावे, एवढ्यासाठी लिहितो. राजापूर आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग हे एकाच मतदारसंघाचे जुने-नवे नाव समजून बरेच जण सलग मालिका लावतात, आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात. २००८ च्या पुनर्रचनेत दोन्ही जुने मतदारसंघ संपुष्टात आले. जुन्या रत्नागिरीतील दापोली आणि गुहागर हा भाग रायगडला जोडला गेला, आणि रत्नागिरीचे खासदार अनंत गीतेही रायगडात गेले. चिपळूण व रत्नागिरी हे विधानसभा मतदारसंघ दक्षिणेकडे जोडून राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी यांच्यासह नवा मतदारसंघ तयार झाला. जुन्या राजापुरात सिंधुदुर्गचे पारडे जड होते; नव्यात तीन जागा रत्नागिरी जिल्ह्याच्या आणि तीन सिंधुदुर्गच्या. नाथ पै किंवा दंडवते यांना ज्यांनी कधी मत दिले नव्हते, अशा मतदारांचा मोठा गट यात आला.

२००९ चा निकाल याच पार्श्वभूमीवर वाचावा. काँग्रेसच्या नीलेश राणे यांनी सुरेश प्रभूंना पन्नास हजारांहून कमी मताधिक्याने हरवले. नीलेश यांचे वडील नारायण राणे २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेल्याचा परिणाम त्यात होताच, पण सुमारे एक तृतीयांश मतदारसंघ प्रभूंना नवा होता हेही विसरू नये. पुढे शिवसेनेच्या विनायक राऊत यांनी २०१४ मध्ये सुमारे दीड लाख आणि २०१९ मध्ये सुमारे १ लाख ७८ हजार मतांनी नीलेश राणे यांचा पराभव केला. २०१९ च्या आधी नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प तेथून हलवण्याची अट शिवसेनेने युतीच्या बोलणीत घातली होती, आणि राजापूर तालुक्यात तिचे मोल मोठे होते.

२०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले, तेव्हा त्यांच्यासमोर राऊत मशाल चिन्हावर होते आणि धनुष्यबाण यंत्रावर नव्हताच. त्या निकालाची विधानसभानिहाय फोड पाहिली की जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसते : चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर येथे राऊत पुढे होते, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी येथे राणे. म्हणून माझी सूचना अशी की २००४ पर्यंतचा तक्ता वेगळा ठेवावा, २००९ पासूनचा वेगळा करावा आणि दुसऱ्यात विधानसभानिहाय मते अवश्य द्यावीत. १९५२ ची नोंदही स्वतंत्रच ठेवावी लागेल, कारण तेव्हा जिल्ह्याचे रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन भाग होते आणि राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आलेला नव्हता.