लोपिश मेंदिशचा एकटा पहिला खंड घ्यावा का?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. गोव्यातली जुनी घराणी, त्यांची कुलचिन्हे, वंशावळी आणि वास्तू यांवरची पुस्तके मी जमवतो. ओल्ड गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर ढाली-मुकुट कोरलेले आहेत. ही माणसे कोण होती, हे शोधताना हा नाद लागला. आता मडगावच्या एका जुन्या घरातली कपाटे विकायला निघाली आहेत. त्यात लोपिश मेंदिशच्या ‘आ इंडिया पोर्तुगेझा’ या पोर्तुगीज भारतावरच्या सचित्र ग्रंथाचा (लिस्बन, 1886) फक्त पहिला खंड आहे, दुसरा नाही. शिवाय फिलिप नेरी शाव्येरची 1862 ची ‘नोबिलियार्किया गोआना’, म्हणजे गोव्यातल्या मानकऱ्यांची नोंद. तिला पुठ्ठा नाही, पण समासात कुणीतरी शाईने नावे आणि साले लिहून ठेवली आहेत. विक्रेता म्हणतो, कडा कापून चामड्याची नवी बांधणी करून देतो. काय करू?

जुनी_पाने, म्हापसा: बांधणी अजिबात करू देऊ नका! कडा कापल्या की समासातली शाई गेलीच. ती नावे त्या घरातल्याच कुणीतरी लिहिली असतील, तर छापील मजकुरापेक्षा त्यांचे मोल जास्त. पुस्तक आहे तसे घ्या, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी करून तिच्यात ठेवा. सुटलेली पाने गव्हाच्या खळीने आणि जपानी कागदाने जोडून मिळतात. चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग कायमचा राहतो.

मेंदिश जरूर घ्या, पण आधी पान न् पान तपासा. त्याने स्वतः काढलेली देवळांची, घरांची, माणसांची चित्रे हाच त्या ग्रंथाचा जीव, आणि लोक तीच कापून फ्रेम करतात. शिवणीपाशी कापलेल्या कागदाची पट्टी दिसते का, बोटाने चाचपून पाहा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्याच्या पुस्तकांचा वेगळा संग्रह आहे. तिथे पूर्ण प्रत पाहायला मिळाली, तर चित्रांची यादी जुळवून घ्या. आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात काहीही ठेवू नका.

गांवकर_बार्देश: ‘नोबिलियार्किया’त पोर्तुगीज राजाकडून मानमरातब मिळालेल्यांची नोंद आहे. आपल्या हिंदू घराण्यांचा माग लावायला ती फारशी पुरणार नाही. त्यासाठी शाव्येरचाच ‘बोस्केजो’ शोधा. पहिली आवृत्ती 1852 ची, आणि वाढवलेली 1903 ते 1907 मध्ये बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून निघाली. त्यात गावकऱ्यांची, म्हणजे गावची जमीन सामायिक राखणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थांची, माहिती गावागावांनुसार आहे. मग आपल्या देवस्थानाची महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार कुळांची, वही. माझ्या घराची साखळी तिथूनच जुळली. जुझे जेर्सन द कुन्य यांनी संपादित केलेले ‘सह्याद्रिखंड’ (मुंबई, 1877) मिळाले तर सोडू नका; मात्र तो पौराणिक ग्रंथ आहे, तारखांसाठी त्यावर विसंबू नये.

एक सोय सांगतो. पोर्तुगीज शुद्धलेखन 1911 मध्ये बदलले. ग्रंथालयाच्या सूचीत आजच्या स्पेलिंगने शोधले तर जुनी पुस्तके सापडत नाहीत. मुखपृष्ठावर छापलेले स्पेलिंग जसेच्या तसे टाका.

साळकर: त्या कपाटात हस्तलिखिते, जमिनीचे दाखले, पत्रव्यवहार असेल तर थांबा. ऐतिहासिक महत्त्वाची 75 वर्षांहून जुनी हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. विक्रेता परदेशी गिऱ्हाइकाच्या गोष्टी करत असेल तर त्याला हे आधी सांगा. पणजीच्या पुराभिलेखागाराला, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहाला, कळवा. ते 1595 मध्ये सुरू झाले, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु पहिला अभिलेखपाल. एका घरची कागदपत्रे एकत्र राहिली तरच त्यांतून काही वाचता येते.

फोंडेकर: सगळ्यांना देव बरें करूं. बांधणी नको म्हणून कळवले. कपाटाच्या खालच्या खणात दोरीने बांधलेली दप्तरे आहेत, तीही वेगळी काढून न विकता एकत्रच ठेवा, असे त्या घरच्यांना सांगितले. शनिवारी चित्रे तपासायला जातोय. जुनी_पाने, पेटी कुणाकडून करून घेता?