मदत हवी: इअरमफ घातल्यावर क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही

नमस्कार. प्रेस शॉपच्या, म्हणजे धातू दाबून आकार देणारी यंत्रं (प्रेस) असलेल्या विभागाच्या, सुरक्षिततेचं काम माझ्याकडे आहे. वरून क्रेन फिरते, खाली फोर्कलिफ्टची ये-जा. सगळे प्रेस चालू असले की आवाज ९२ ते ९४ डेसिबलपर्यंत जातो, म्हणून इअरमफ (आवाज अडवणारी कानांवरची झाकणं) सक्तीचे आहेत आणि लोक ते घालतातही.

परवा क्रेन माल घेऊन येत होती, भोंगा वाजत होता, तरी खाली उभा असलेला एक जुना कामगार जागचा हलला नाही. शेजारच्यानं ओढून बाजूला घेतलं म्हणून निभावलं. तो म्हणतो, भोंगा वाजलाच नाही. बाकीच्यांना ऐकू आला होता, पण तो खोटं बोलत नाही अशी माझी खात्री आहे.

आता आणखी मोठा भोंगा लावायचं चाललंय. आहे तोच जवळच्या माणसाच्या कानठळ्या बसवतो. काही जण म्हणतात, क्रेनखाली काम करणाऱ्यांनी मफ काढावेत. हे तर मला अजिबात मान्य नाही, त्या माणसाचे उरलेसुरले कान आपण का घालवायचे? यातून मार्ग काय? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

मफ काढायला तुम्ही विरोध केलात हे योग्यच. मोठा भोंगा घेण्याआधी आहे त्याचा स्वर तपासा. तो ३००० हर्ट्झच्या आसपासचा, कर्कश असेल तर दुखणं तिथेच असण्याची शक्यता जास्त. गोंगाटानं कान जातात ते आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि इअरमफही खालच्या स्वरांपेक्षा वरचे स्वर जास्त अडवतात. जुन्या कामगाराला दोन्हीकडून मार बसतो, तरुणाला तोच भोंगा ऐकू येतो.

धोक्याच्या ध्वनिसंकेतांसाठी आयएसओ ७७३१ हे मानक आहे. संकेत भोवतीच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबल वर असावा, असा त्यातला सोपा निकष. तुमच्याकडे तो १०९ वर जाईल, म्हणजे नुसता आवाज वाढवत राहणं परवडणारं नाही. पण तेच मानक खालच्या-वरच्या स्वरांच्या पट्ट्यांप्रमाणे आवाज वेगवेगळा मोजायचीही मुभा देतं. प्रेसचा आवाज ज्या पट्ट्यात कमी आहे तिथे, शक्यतो ५०० ते १५०० हर्ट्झमध्ये, संकेत बसवा. मोजमाप माणसं उभी राहतात तिथे घ्या, भोंग्यापाशी नको. वाजण्याची लय प्रेसच्या ठोक्यांशी जुळू देऊ नका, नाहीतर तो ठोक्यांतच विरून जातो. फोर्कलिफ्टच्या आवाजापेक्षाही तो वेगळा हवा.

मफही पाहा. मफच्या आत ७५ ते ८० डेसिबल उरले तरी कान सुरक्षित राहतात. त्याहून फार कमी उरत असेल तर माणूस भोवतालच्या आवाजांपासून विनाकारण तोडला जातो. सगळे स्वर सारखे कमी करणारे मफ मिळतात.

क्रेनवर फिरता दिवा आणि खाली जमिनीवर पडणारा प्रकाशाचा पट्टा लावाच. पाठमोऱ्या माणसालाही पायाशी हललेला उजेड दिसतो.

त्या कामगाराची श्रवणचाचणी करून घ्या. नवा भोंगा पक्का करण्याआधी त्यालाच मफ घालून, सगळे प्रेस चालू असताना, क्रेनकडे पाठ करून उभं करा. अर्थात क्रेन जागेवर थांबवून. त्याला ऐकू आला तरच पुढे जा.