मदत हवी आहे: वस्तीत काम करते, आता समाजकार्याचं रीतसर शिक्षण घ्यायचंय. पुण्यात नोकरी सांभाळून काय जमेल?

नमस्कार मंडळी,

समाजकार्य शिकलेले, शिकवणारे किंवा संस्थांमध्ये माणसं नेमणारे कुणी इथे असाल तर कृपया वाचा. जरा लांबलचक लिहितेय. त्रोटक विचारलं की "बीएसडब्ल्यू करून टाका" (म्हणजे समाजकार्याची पदवी) एवढंच उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो.

मी पुण्यात पर्वतीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये एका स्वयंसेवी संस्थेचं काम करते. बालवाडीताई म्हणून लागले, मग बचत गट आले, मग किशोरी गट. आता माझ्या ओळखपत्रावर 'समुदाय संघटक' असं लिहिलेलं आहे. शिक्षण बारावी, कला शाखा. पुढे लग्न झालं, मुलं झाली आणि ते तिथेच थांबलं. घरी सासूबाई आहेत, मिस्टर भोसरीला कंपनीत शिफ्टला जातात, थोरली यंदा दहावीला आहे. शिकायला घरून विरोध नाही, उलट मिस्टरच मागे लागलेत. प्रश्न आहे तो वेळेचा, आणि नेमकं काय शिकावं याचा.

आत्ताच का, तर एक कारण सरळ पोटापाण्याचं आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आमच्यासारख्या संस्थांचे बरेच प्रकल्प आता त्याच सीएसआरच्या पैशावर चालतात. प्रस्ताव पाठवताना प्रत्येक पदापुढे पात्रता लिहावी लागते आणि पर्यवेक्षकापुढे बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) असंच लिहिलं जातं. आमच्या मोठ्या ताई म्हणतात, "काम तुझंच आहे गं, पण कागद आण." त्यांचंही चूक नाही. पैसे देणारा कागदच बघतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मागे वस्तीतल्या एका बाईंच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी एका धर्मादाय रुग्णालयात गेले होते. या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात हे आम्हाला पाठ आहे, त्यामुळे रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अशी पिशवी भरूनच गेलो होतो. समोर मेडिकल सोशल वर्कर मॅडम होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी त्या बाईंना पाणी दिलं. मग विचारलं, धाकट्याला आज कुणाजवळ ठेवून आलात? कामावरून किती दिवस सुट्टी मिळेल? रात्री इथे थांबायला तुमच्याशिवाय कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाला बाईंचा बांध फुटला. नवरा दिवाळीपासून घरी नव्हता आणि मूळ रेशनकार्ड तोच घेऊन गेला होता. वस्तीत ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

त्या सगळं बोलून शांत झाल्यावर मॅडमनी अर्धं पान लिहिलं. बाई जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत वरती, मॅडमचं स्वतःचं मत खाली वेगळं, आणि शेवटी कुणी काय कधीपर्यंत करायचं ते तारखेसकट. निघताना मी विचारलं, असं लिहायला कुठे शिकलात? म्हणाल्या, "एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी. माझे क्षेत्रकार्याचे अहवाल लाल पेनाने भरून परत यायचे." क्षेत्रकार्य म्हणजे शिकताना पर्यवेक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष केलेलं काम.

मला ते लाल पेन हवंय. वस्तीत कुणाचं दार कसं उघडतं, कुठल्या गटात कोण कुणाशी बोलत नाही, हे मला कळतं. पण माझं काम वाचून, इथे थांबायला हवं होतं, इथे तुम्ही स्वतःचं मत त्यांच्या तोंडी घातलंय, असं सांगणारं आजवर कुणी मिळालेलं नाही. किशोरी गटात मुली काय काय सांगतात. पोक्सो कायद्याच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे असा अत्याचार कळला तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, हे एका दिवसाच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाचा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला आहे. पण समोर ती मुलगी बसलेली असताना काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, तिला तीच गोष्ट चार जणांना चारदा सांगावी लागू नये म्हणून काय करायचं, हे एका दिवसात येत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं.

आता माझ्यापुढचे रस्ते सांगते.

पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, 1963 पासूनची. तिथलं दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण पदवी हवीच, आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही समाजकार्य शिकवतात. या दोन्हीकडे शिकणाऱ्या मुली आमच्याकडे क्षेत्रकार्याला येतात. बोलण्यात, लिहिण्यात त्यांची तयारी दिसते. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द त्यांच्याकडूनच कानावर पडले आणि आपण जे करतो त्याची एक पद्धत बांधलेली आहे हे समजून फार बरं वाटलं.

दुसरा रस्ता इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. बारावीवर बीएसडब्ल्यूला प्रवेश मिळतो, कमीत कमी तीन वर्षांत आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येतं, क्षेत्रकार्य सक्तीचं आहे. नोकरी सुटत नाही ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण पुस्तकं इंग्रजी आणि हिंदीत. हिंदी मला वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. सहा वर्षांची मुभा बघून हायसं वाटलं, पण दूरशिक्षणात ते लाल पेन किती चालतं याची मनात शंका आहे.

तिसरा रस्ता म्हणजे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात आधी बीए पूर्ण करायचं आणि मग नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ एमएसडब्ल्यू. तोवर थोरली कॉलेजात असेल. हा रस्ता लांबचा आहे, पण सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या जागांना एमएसडब्ल्यूच लागतं, म्हणून डोक्यातून जात नाही.

छोट्या कोर्सचंही बघितलं. एका ठिकाणी तीन महिन्यांत समाजकार्याचा डिप्लोमा, घरबसल्या परीक्षा, क्षेत्रकार्य काहीच नाही, असं सांगितलं. तिथे मी पुढे विचारलं नाही. वस्तीत पाय न ठेवता वस्तीचं काम शिकवणारा कागद मला नको. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमांत, म्हणजे एनएसक्यूएफ या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत, जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हे कोर्स दिसले. चांगले आहेत, पण ते रुग्णसेवेचे. त्याच चौकटीत आरपीएल नावाची सोय आहे, आधी कामातून शिकलेलं तपासून प्रमाणपत्र देतात. माझी आतेबहीण मेलबर्नला असते. तिने तिकडे डिप्लोमा ऑफ कम्युनिटी सर्व्हिसेस केला. ती सांगते की प्रत्यक्ष कामाचे तास भरल्याशिवाय प्रमाणपत्र हातात पडत नाही, आणि आधीचा अनुभव पुराव्यांसकट मांडला तर काही घटक पुन्हा शिकावे लागत नाहीत. आपल्याकडे वस्ती पातळीवरच्या सामाजिक कामासाठी असं काही असेल तर मला ते सगळ्यात आधी हवंय. अंगणवाडी सेविका, आशाताई, समूहसंघटिका, आमच्यासारख्या कार्यकर्त्या, या सगळ्यांच्या हातात केवढं काम आहे आणि त्याची नोंद कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर माझे प्रश्न. इग्नूतून बीएसडब्ल्यू केलेलं पुण्यात कुणी असेल तर सांगा, क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षक खरंच भेटतात का, अहवाल वाचून परत देतात का? आपण नोकरी करतो त्याच संस्थेत क्षेत्रकार्य धरतात की दुसरीकडे जावं लागतं? दुसरीकडे जावं लागणार असेल तर मला आवडेलच, कारण रुग्णालय किंवा बालगृह आतून बघायला मिळेल, पण मग रविवार सोडून रजा लागेल आणि ते संस्थेशी आधी बोलावं लागेल. 2020 च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. संस्था चालवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावं, अशा एका वर्षाच्या प्रमाणपत्राला तुम्ही नेमणुकीत किंमत द्याल का?

आणि पस्तिशीनंतर पूर्णवेळ एमएसडब्ल्यू केलेल्या ताई कुणी असतील तर त्यांनी घर कसं सांभाळलं तेही लिहा. फीबद्दलही स्पष्ट लिहिलंत तरी चालेल.

नंतरची भर:

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. ज्यांनी युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासूनच पैसे भरा असं बजावलं, त्यांचा सल्ला मी गटातल्या मुलींनाही सांगितला. त्यातल्या दोघी बारावी झाल्यावर कुठेतरी पैसे भरायच्या बेतात होत्या.

"अनुभव आहे तर शिकायचं कशाला" असं लिहिणाऱ्या दादांना एवढंच सांगते की अनुभवाने हिंमत येते, पण कोर्टात किंवा बालकल्याण समितीपुढे माझा कागद जातो तेव्हा त्यातल्या एकेका वाक्यावर एखाद्या लेकराचं पुढचं ठरतं. ते वाक्य नीट लिहिता यायला हवं, आणि ते मला शिकायचंच आहे.

एका ताईंनी सुचवलं की कुठेही प्रवेश घेण्याआधी क्षेत्रकार्याचं समन्वयन करणाऱ्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटावं, एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात आणि वैयक्तिक चर्चेला किती वेळ मिळतो हे विचारावं. फार नेमकं सांगितलंत. पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी जाऊन येते आणि काय कळतं ते याच धाग्यावर टाकते, माझ्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल. सध्या माझा कल इग्नूकडे आहे, पण पर्यवेक्षक कसे मिळतात हे कळल्याशिवाय फॉर्म भरणार नाही.

तोवर एक छोटी विनंती. क्षेत्रकार्याच्या अहवालाचा मराठीतला नमुना कुणाकडे असेल, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकलेला, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या संस्थेत आम्ही सहा जणी दर शनिवारी बसतो. येत्या शनिवारपासून प्रत्येकीने एक गृहभेट तशा पद्धतीने लिहून आणायची असं ठरवलंय.