पिशवी द्यायला गेलात, मग काय झालं? (अनुभव धागा)

आमच्या चर्चच्या महिला संघाच्या सभेत गेल्या महिन्यात एका काकूंनी साक्ष दिली, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगितला. आजारातून उठले, मुलाला नोकरी लागली, असलं काही नव्हतं. "शेजारणीचे केस विंचरायला गेले होते," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला माझी एक गोष्ट आठवली, म्हणून हा धागा.

सेवाकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळकसाहेब, माईक आणि सतरंज्या येतात. इथे ते नको. शिधा, डबा, औषध पोचवायला गेलात आणि भलतंच काही घडलं, ते लिहा. फसलेलंही लिहा. माणूस ओळखू येईल असं काही नको, आणि किती जण प्रभूकडे आले हा हिशेब तर मुळीच नको.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही अहिल्यानगरचे. गल्लीतल्या एका मावशींना अर्धांगवायू झाला. सून कामाला जाणारी, म्हणून दुपारचं जेवण भरवायला मी जायचे. मावशी माळकरी. त्यांच्यासमोर येशूचं नाव काढायचं नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलेलं. एकदा भात कालवताना सवयीने ख्रिस्ती कवी टिळकांचं भजन गुणगुणत होते. मावशींचा चालता हात ताटाच्या कडेवर ठेका धरायला लागला. "चाल आमचीच की गं," त्या अडखळत म्हणाल्या. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. पूल दोन्ही बाजूंनी चालतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढचे चार महिने रोज एक त्यांचा अभंग, एक माझं भजन. भात गार व्हायचा.

वसईकर

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, विन्सेंट द पॉल सोसायटीचं काम चालतं. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही रीत: गरजूला बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, तेही जोडीने. माझ्या वाट्याला एक आजोबा आले होते. महातक्रारखोर. तांदूळ जाडा, चहापत्ती कडू, तुम्ही उशिरा आलात.

त्या आठवड्यात वाडीच्या वाटणीवरून भावाविरुद्ध कोर्टात तारीख होती. जोडीदार आजारी, म्हणून एकटाच गेलो. पिशवी ठेवली आणि निघालो, तर आजोबा म्हणाले, "बस. आज तू बस, मी चहा करतो." बिनदुधाचा चहा दिला. काय झालंय ते विचारलं नाही, फक्त "कोणाशी?" एवढंच. मी म्हटलं, भावाशी. त्यांनी खुंटीवरची जपमाळ काढली आणि भावाचं नाव विचारलं. कोर्टाच्या कागदांवर ते नाव मी शंभरदा वाचलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा शिवीशिवाय तोंडातून निघालं.

भावाशी अजून पटलेलं नाही. खोटं कशाला लिहू?

कोल्हापूरकर

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ च्या वर गेलेली. पाणी ओसरल्यावर आमच्या गटाचा टेम्पो शिरोळकडे गेला. प्रत्येक पिशवीत तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, काडेपेटी आणि सगळ्यात वर येशूच्या संदेशाची एक पत्रिका. पत्रिका वर ठेवायची कल्पना माझी.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चष्मा पुरात गेला होता. त्याने नातवाकडून पत्रिका वाचून घेतली आणि मला विचारलं, "ह्ये परत दिलं तर तांदूळ ठिवायचा का न्हाई?" रागाने नव्हे हो. खरंच विचारत होता, दुकानात विचारतात तसं.

रात्री उरलेल्या पिशव्यांतून पत्रिका काढायला अडीच वाजले. गटात भांडण झालं, दोघं घरी निघून गेले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना वाटत होतं आपण प्रभूला लपवतोय. सकाळी फावडी घेऊन त्याच म्हाताऱ्याच्या गोठ्यातला गाळ काढायला गेलो. म्हैस दाव्यालाच गेली होती. रात्री पाणी चढलं तेव्हा सोडायला वेळ मिळाला नव्हता, आणि ते त्याला खात होतं. दुपारी भाकरी खाताना म्हणाला, "तुमच्यात जनावरासाटी काय म्हनत्यात का?"

म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हटलं. काय शब्द बोललो ते आठवत नाही, नातू टोपी काढून उभा होता तेवढं आठवतं.

परळची

टाटा हॉस्पिटलच्या बाजूला जेरबाई वाडिया रोडवर पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर राहतात, तिथे आम्ही रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर चहा-बिस्किटं देतो. बीडकडचे एक काका चहा न घेता माझ्यापुढे फोन धरून उभे. "माझी मंडळी गेली. गावाकडं पोरीला तुम्ही सांगा, माझ्यानं व्हईना." मी बावीस वर्षांची. सांगितलं. पलीकडे पोरगी रडत राहिली, आणि फोन कसा ठेवायचा ते मला कळेना. वीस मिनिटं तशीच उभी होते. प्रार्थना वगैरे काही नाही. याला सेवाकार्य म्हणतात का, तुम्हीच सांगा.

एक फादर

थोडक्यात. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे धुतले तसे मी बारा जणांचे पाय धुतो. सगळे घरून साबणाने धुऊन, नखं कापून येतात. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदी शिरली, तेव्हा गाळ उपसायला गेलो होतो. एका दुकानातल्या पोऱ्याच्या पायात काच गेली होती. चार वेळा पाणी बदललं तेव्हा जखम दिसली. औषध लावल्यावर त्याने सणसणीत शिवी हासडली. कुणीतरी म्हणालं, अरे, फादर आहेत ते. तर म्हणतो, "मग फादरना सांगा, जरा हळू लावा."

ख्रिस्ती नाही, तरी लिहू का?

लॉकडाऊनमध्ये आम्ही तिघंही पॉझिटिव्ह होतो, तेव्हा जवळच्या चर्चमधून डबा यायचा. एक सिस्टर दाराबाहेर ठेवून जायच्या. एकदा खिडकीतून विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना नाही करत?" त्या म्हणाल्या, "करते की, जिना उतरताना. आधी केली तर आमटी गार होते."

वसईकर

@परळची, म्हणतात. माझ्या मते तरी म्हणतात.

आणि एक राहिलं. आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची पिशवी आता पलीकडच्या आळीत एका आजींकडे जाते. तांदूळ जाडा आहे, असं त्यांचंही म्हणणं आहे.