ईकोच्या सरकत्या दरवाजांना सेंट्रल लॉक बसविण्याबाबत

प्रश्न (चोपडा)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी मारुती ईको असून तिला कारखान्यातून सेंट्रल लॉक (एका किल्लीने सर्व दरवाजे एकदम लॉक होण्याची सोय) आलेले नाही. तयार कपडे घेऊन मी यावल, फैजपूर, रावेर या भागांतील आठवडे बाजारांना जातो, आणि माल उतरवण्याच्या गडबडीत एखादा दरवाजा उघडाच राहिला की काय, ही काळजी दिवसभर मनात असते. येथील दुकानदार फक्त पुढच्या दोन दरवाजांना लॉकची मोटर बसवून देण्यास तयार आहे. सरकत्या दरवाजापर्यंत वायर नेता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. माल तर मागेच असतो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर (भुसावळ)
भाऊ, उपाय आहे, मात्र काम सावकाशीचे आहे. मी वाहनांच्या वायरिंगचेच काम करतो.

बिजागरीच्या दरवाजात रबरी नळीतून वायर जाते आणि दरवाजासोबत ती वाकते. सरकता दरवाजा मात्र पूर्ण मागे जातो, म्हणून तेथे वायर सलग न ठेवता स्पर्शबिंदू वापरतात. दरवाजाच्या कडेवर स्प्रिंगच्या दोन पिना आणि समोरच्या खांबावर पितळी पट्ट्या बसवल्या, की दरवाजा पूर्ण बंद झाल्यावरच जोडणी होते आणि मोटरला वीज मिळते. ही मोटर दोन तारांची असते. चालकाच्या दरवाजात मात्र पाच तारांची मोटर लागते: दोन तारा मोटरच्या आणि तीन तिच्यातील स्विचच्या, ज्यांच्यामुळे किल्ली फिरवताच कंट्रोल युनिटला (सर्व मोटरना आदेश देणाऱ्या डबीला) इशारा जातो आणि बाकीचे दरवाजे तिच्यामागोमाग लागतात.

यातील एक मर्यादा आपण नीट लक्षात घ्यावी. दरवाजा थोडा जरी उघडा असताना लॉक दाबले, तर तेवढा दरवाजा लॉक होणार नाही, आणि नंतर तो लोटला तरी आपोआप होणार नाही. सर्व दरवाजे एकदा अनलॉक करून पुन्हा लॉक करावे लागतील. आपल्या कामात हे वारंवार घडेल, म्हणून निघण्यापूर्वी सरकता दरवाजा हाताने ओढून पाहावा.

मोटर बसवण्याची जागा ठरवताना काच पूर्ण खाली घेऊन पाहिल्याशिवाय पत्र्याला भोक पाडू देऊ नका. मोटरची सळई लॉकच्या मूळ सळईच्या सरळ रेषेत ओढली गेली पाहिजे. ती तिरकी बसली की लॉक जड चालते आणि मोटरवर नाहक ताण येतो. आधी जुने लॉक साफ करून, तेल देऊन, एका बोटाने सहज हलते का ते पाहणे हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

उत्तर (जळगाव)
वरील माहिती योग्यच आहे. आपल्याकडील हवेच्या दृष्टीने थोडी भर घालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान 45 अंशांच्या पुढे जाते आणि बंद गाडीत त्याहून अधिक उष्णता साठते; साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद त्यात वितळून जोड उघडे पडतात. म्हणून जोड डाग देऊन (सोल्डर करून), त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्यावी. पितळी पट्ट्यांवर काळ्या मातीची धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने पुसत राहावे. दरवाजाच्या आतला प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवून घ्यायला विसरू नका, अन्यथा पावसाळ्यात पाणी आतल्या पॅडपर्यंत येते.

प्रश्न (चोपडा)
दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी उतरली तर दरवाजे अडकून पडतील का? घरची मुलेही याच गाडीत बसतात, म्हणून विचारतो.

उत्तर (भुसावळ)
नाही. मोटर मूळ सळईला केवळ जोडलेली असते, त्यामुळे किल्ली आणि आतली खुंटी पूर्वीप्रमाणेच हाताने चालतात. मोटरला वीज जेमतेम क्षणभर मिळते, त्यामुळे बॅटरीवर भारही नगण्य असतो. तरीही काम झाल्यावर बॅटरीची तार काढून प्रत्येक दरवाजा आतून व बाहेरून उघडून दाखवण्यास सांगा आणि त्यानंतरच पैसे द्या. मुख्य तार थेट बॅटरीवरून घेतल्यास फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण फ्यूजच्या आधीची तार कोठे घासून पत्र्याला लागली तर तिला कोणतेच संरक्षण राहत नाही. एखादा दरवाजा उलटा चालला, म्हणजे इतर लॉक होताना तो अनलॉक झाला, तर त्याच्या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. त्यासाठी नवे काही विकत घेण्याची गरज नाही.