ओव्हनचं शेल्फ आणि सिपोरेक्सची भिंत

ए-402: किचनमध्ये मायक्रोवेव्हसाठी शेल्फ लावायचंय. ब्रॅकेटबरोबर 6 मिमीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू आलेत. चालतील ना? आणि ड्रिल आहे का कुणाकडे?

सी-201: त्या गिट्ट्या फोटोफ्रेमपुरत्या. आमचं शू रॅक प्लास्टरसकट बाहेर आलं 😄

बी-701: सरळ लोखंडी अँकर फास्टनर मारा, विषय संपला.

बी-103: थांबा, थांबा. आधी भिंत कसली ते बघा. बारीक भोक पाडून भुकटी बघायची. लाल आली तर वीट. राखाडी आली आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. पांढरट, पिठासारखी आली आणि बिट सहज आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक.

ए-402: बघितलं काका. पांढरी!

बी-103: मग फास्टनर अजिबात नको. तो आत फुलून भिंतीला दाबतो, त्यावरच धरतो. काँक्रीट तो दाब सोसतं, सिपोरेक्स चुरतं. काही दिवसांनी फास्टनर भोकातच गोल फिरायला लागतो. सिपोरेक्ससाठी वेगळी, लांब नायलॉनची गिट्टी मिळते, हार्डवेअरवाल्याला तसं सांगूनच मागा. प्लास्टरची जाडी सोडून गिट्टी पूर्ण ब्लॉकमध्ये बसली पाहिजे. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं. ओव्हन भांड्यांसकट पंधरा किलोच्या घरात जाणार, आणि शेल्फ जितकं खोल तितका वरचा स्क्रू जास्त ओढला जातो. माझं मत विचाराल तर गिट्टीच्या भरवशावर राहू नका. मागे पॅसेज असेल तर आरपार बोल्ट टाका, पलीकडून पट्टी आणि नट. नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात ट्यूबमधला घट्ट होणारा मसाला भरून त्यात बोल्ट बसवायचा.

ए-402: मागे पाइपांचा डक्ट आहे, पलीकडून हात पोचणार नाही 😐

बी-103: मग केमिकल. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने साफ करायची, नाहीतर तो धुळीलाच चिकटतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत वजन ठेवायचं नाही.

सी-504 ताई: आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका हं, वायरिंगचा पाइप असतो. काका, बाल्कनीत कपड्यांचा पुलीवाला हँगर लावायचाय, त्याला काय?

बी-103: तिथे वर स्लॅब आहे ना? मग बी-701 म्हणतात तो फास्टनर तिथेच शोभतो. हॅमर चालू ठेवा. मध्येच सळई लागली तर जोर करू नका, भोक थोडं बाजूला घ्या. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या पत्र्याला काही टांगायचं नाही, थेट स्लॅब गाठायचा. पाऊस येतो तिथे, म्हणून एसएसचेच (स्टेनलेस स्टीलचे) घ्या. काळे जिप्समचे स्क्रू तर नकोच, ते गंजतात आणि कटकन तुटतात.

सी-201: काका, कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतो. मोठा घालू?

बी-103: प्लायवूड असेल तर भोकात फेविकॉल लावून आगकाड्या ठोका, वाळल्यावर तोच स्क्रू बसेल. पार्टिकल बोर्ड असेल तर बिजागरी इंचभर सरकवा, भुगा झालेल्या जागी काही धरत नाही.

सेक्रेटरी: ड्रिल ऑफिसमध्ये आहे, रजिस्टरमध्ये सही करून न्या. दुपारी 2 ते 4 बंद. काँक्रीटचं 8 चं बिट कुणीतरी नेलंय, आणून द्या.

बी-701: माझ्याकडे आहे 🙏 संध्याकाळी देतो.