प्रेक्षकच नाहीत तर छोटे फुटबॉल क्लब तगले कसे?

परभणीकर: कोरोनात इंग्लंडच्या छोट्या क्लबांनी पैसा आणला कुठून? आमची टीम वर्गणीवर चालायची, बाजारपेठ बंद झाली तशी वर्गणीबी बंद, गोलची जाळी फाटली ती पोरं अजून सुतळीनं बांधून खेळायलेत.

लातूरवाला: भाऊ, मोठ्यांना टीव्हीचा पैसा असतो, खालच्या लीगमध्ये गेटवरचं तिकीट आन् मैदानावरचं खाणंपिणं हीच खरी कमाई, तीच बंद पडली. सरकारनं घरी बसवलेल्यांचा ८० टक्के पगार दिला, महिन्याला २५०० पौंडांपर्यंत, आन् डिसेंबर २०२० ला प्रीमियर लीगनं लीग वन-टूसाठी (तिसरी-चौथी पातळी) ५ कोटी पौंड द्यायचं ठरवलं. माझ्या मते लई उशीर केला.

नांदेडचा पोरगा: मरीनचं बघा, आठव्या पातळीवरचा क्लब, जानेवारी २०२१ ला एफए कपमध्ये (लहानमोठे सगळे क्लब खेळतात ती स्पर्धा) घरच्या मैदानावर प्रीमियर लीगमधलं टॉटेनहॅम आलं आन् आत प्रेक्षकच नाहीत! मग त्यांनी १० पौंडांची व्हर्च्युअल तिकिटं काढली (मैदानात प्रवेश नाही, नुसती क्लबला मदत), ३० हजारांवर खपली, टॉटेनहॅमवाल्यांनीच ढिगानं घेतली. ५-० हरले पण क्लब सावरला. शेजारची माणसं घरामागच्या कुंपणावरून मॅच बघत होती, ते बघून डोळे भरले राव.

परभणीकर: मस्त सांगितलंत. जाळीसाठी असंच तिकीट काढतो, २० रुपयाचं. कोण कोण घेतंय?